पाण्याला गेलेली आई

आमच्या कॉलनीत चोवीस घरं होती आणि चोवीसही एकाच नकाशावरून उठवलेली. पुढं लोखंडी जाळीचा व्हरांडा, आत बैठकीची खोली, तिच्या अंगाला निजायची खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं धुणं वाळत घालायची फरशी. नंबर विसरलेला पाहुणा दोन-तीन घरी चहा पिऊन मग आमच्याकडं पोचायचा. धाराशिवच्या जुन्या वस्तीतले लोक तिला मास्तर कॉलनी म्हणत आणि म्हणताना हसत. माझी एक मैत्रीण दर्ग्याच्या मागल्या गल्लीत राहायची. ती पहिल्यांदा आमच्याकडं आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फाटकाशी उभी राहून तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, माणसं गेली कुठं सगळी? कर्फ्यू लागलाय का?" मला लाज वाटली. ती लाज मला पुढं बरीच वर्षं पुरली.

घरात आम्ही चौघं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ढोकीच्या शाळेत हेडमास्तर. सकाळी सहाच्या बसनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. तिथला साखर कारखाना चालू असला की त्यांच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा आणि आई तो सदरा बाहेरच्या दोरीवर टाकायची. दुसऱ्या गोदूआत्या, अण्णांच्या थोरल्या बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडं आलेल्या. त्यांची जागा व्हरांड्यात, जाळीला लागून. हातात जपाची माळ, आणि कान थेट स्वयंपाकघरात. भांडं वाजलं की विचारणार, "काय सांडलं गं?" आणि भांडं वाजलं नाही की विचारणार, "सुशीला, काय करायलीस?" सुशीला माझी आई. ती पहाटे चारला उठायची. अण्णांच्या डब्याच्या भाकरी, आत्यांचं सोवळ्यातलं पाणी, माझं कॉलेज, मग धुणं, निवडण-टिपण, संडगे, पुन्हा भाकरी. दिवसा आडवी झालेली बाई आत्यांना खपायची नाही. एकदा अंगात ताप असताना आई कपाटाला टेकून डोळे मिटून बसली होती, तर आत्या दारातून म्हणाल्या, "दिवसाढवळ्या हातपाय पसरायला काय झालंय? बिमार हाय का?" आईला खरंच ताप होता, पण ती "न्हाय वन्सं" म्हणून उठली आणि तूर निवडायला बसली.

घराला पुढचं फाटक होतं, पण त्यातून बाहेर पडायला आईला कारण लागायचं, परतायची वेळ सांगावी लागायची आणि शक्यतो मला सोबत न्यावं लागायचं. मागल्या कंपाउंडच्या भिंतीत मात्र एक भगदाड होतं. घरं बांधताना गवंड्यांनी सामान इकडून तिकडं न्यायला ते ठेवलं आणि तसंच राहून गेलं. एक बाई कमरेवर घागर घेऊन तिरकी होऊन जाऊ शकेल एवढी ती वाट. भिंतीपलीकडं शरणामावशीचं घर. तिचे मालक बाजारात आडत चालवायचे, पोरी लग्न होऊन गेलेल्या, आणि अंगणात बोअरवर हापसा. आमचं बोअर कोरडं गेलं होतं आणि नळाला पाणी चार-चार दिवसांनी. भगदाड बुजवायला अण्णांनी दोनदा गवंडी बोलावला आणि दोनदा उन्हाळा आडवा आला. तेव्हा पाण्यासाठी म्हणून ते राहिलं.

दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की आई पितळी घागर घ्यायची आणि त्या भगदाडातून पलीकडं जायची. परत यायची ती तासाभरानं. घागर भरलेली, तोंड धुतलेलं, डोळे निवळलेले. आत्यांनी विचारलंच तर म्हणायची, "हापशाला गर्दी व्हती." त्या घरात माणसं दोन. गर्दी कुणाची, हे गणित शिकवणाऱ्या अण्णांनाही कधी सुचलं नाही. बाईमाणूस पाण्याला गेलं होतं, त्यात विचारायचं काय? चोवीस तासांतला तेवढा एकच तास आईला कुणी हाक मारत नसे, आणि तो तास त्या भिंतीतल्या भगदाडावर टिकून होता. हे मला आज कळतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला फार कळतं असं मला वाटायचं.

ते कळणं मी वाचनालयातून आणलं होतं. आठवड्याला दोन पुस्तकं मिळायची. त्यांतल्या कथांमधून उपनगर नावाची जागा मला ओळखीची झाली. तिथं सगळ्यांचे पडदे एकसारखे असतात. नवरा वर्तमानपत्रात, बायको खिडकीत, मुलं शिकवणीला. रविवारी मटारची उसळ होते, शेजाऱ्यांचा नवा फ्रीज बघून कुणाला तरी झोप येत नाही, आणि शेवटी कुणीतरी बाल्कनीत उभं राहतं आणि आपलं आयुष्य रिकामं आहे हे त्याला उमगतं. दिवाळी अंकांतल्या चित्रांतही तीच बाई, गाऊन घातलेली, जाडजूड, हातात लाटणं. नाटक पाहावं तर पडदा उघडताच तीच बैठक, तोच सोफा. त्या सगळ्यांनी मिळून मला शिकवलं की अशा वस्तीतली माणसं हसण्यासारखी तरी असतात किंवा कीव करण्यासारखी. आमच्याकडं बाल्कनी नव्हती आणि मटार दोनच महिने मिळायचा, पण एकसारखी घरं होती, जाळ्या होत्या, भिंती होत्या. एवढं भांडवल मला पुरेसं वाटलं. मी कॉलेजातून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या व्हरांड्यांकडं बघत चालायची आणि मनातल्या मनात त्यांची वर्णनं करायची.

पुढं मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. हेच साहित्य शिकवलं आणि ते चांगलंही आहे, त्यातलं रिकामपण खोटं नाही. पण आता वाटतं, ही मंडळी बैठकीच्या खोलीत बसून लिहीत असावीत. मागल्या दारानं कोण कुठं जातंय हे तिथून दिसत नाही.

आमचे मराठीचे सर पुण्याहून नवेच आले होते. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मुलींचे लेख गोळा करताना ते वैतागायचे. "सगळ्या जणी पावसावर लिहितात," ते म्हणाले, "तू जिथं राहतेस त्यावर लिही. पण खरं लिही. कल्पनेचं काही नको, हा 'पाहिलेलं, अनुभवलेलं' विभाग आहे." मग जाता जाता म्हणाले, "जमलं तर विद्यापीठातल्या माझ्या बाईंना दाखवीन. एम.ए.ला तिकडं जायचं असेल तर त्यांचा शब्द कामाला येईल." मला जायचंच होतं. अण्णांच्या मते मुलीला बी.ए. पुष्कळ झालं, पण एखाद्या प्राध्यापकानं बोलावलं तर ते नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मास्तरांच्या शब्दापुढं अण्णा विरघळायचे. त्या लेखातून मला माझं फाटक दिसलं.

मग मी लेखासाठी कॉलनी बघायला लागले आणि एका दुपारी आईच्या मागोमाग भगदाडातून पलीकडं गेले. हापशापाशी कुणी नव्हतं. घागर कठड्यावर रिकामी. शरणामावशी पायरीवर बसून शेंगा फोडत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, दंडाला घट्ट झालेली चोळी. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत पलंग होता, त्यावर कापसाची जाड गादी, आणि गादीवर माझी आई झोपली होती. कूस नाही, काही नाही, सरळ उताणी, हात दोन्हीकडं टाकलेले, तोंड किंचित उघडं. मी आईला तशी कधी बघितली नव्हती. रात्री ती आमच्यानंतर झोपायची आणि आमच्याआधी उठायची.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," मावशी हळू आवाजात म्हणाली. ती मुरूमकडची, तिच्या मराठीला कानडीचा हेल होता. "आली की म्या म्हंते, मल्को, मल्को. म्हंजे आडवी हो गं. पयल्यांदा बसल्या जागी पेंगली, भितीला डोकं आपटलं. तवापासनं पलंगावर घालते. चार टोले झाले की म्याच घागर भरते आन् तिला हलवून उठवते." मग तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "घरी बोलू नगंस. न्हायतर एवढं बी जाईल तिचं."

"नाही बोलणार," मी म्हणाले. आणि बोलले नाहीच. लिहिलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आईचं माहेर तुळजापूरचं, देवळाच्या उतारावरचं, पुजाऱ्यांच्या नात्यातलं. नवरात्राच्या आधी, भाद्रपदात, देवी आठ-नऊ दिवस मंचकी निद्रा घेते. तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. लहानपणी त्या गादीचा कापूस पिंजायला आई इतर बायकांबरोबर बसायची. देवी गादीवर असते तेवढे दिवस आईच्या माहेरी कुणी गादीवर झोपत नसे, उशी घेत नसे. तो नेम आई सासरीही घेऊन आली आणि आत्यांनी तो तिच्यापेक्षा घट्ट धरला. ते दिवस आले की घरातल्या गाद्या गुंडाळून माळ्यावर जायच्या आणि आम्ही चौघं चटयांवर. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "एवढा जगाचा व्याप करून ती नऊ दिवस निजती. तिच्या बरोबरीनं आपण मऊवर निजायचं व्हय?"

लेखाला मी नाव दिलं 'निद्रानगर'. चोवीस घरं, चोवीस जाळ्या, दुपारचे बंद दरवाजे. जाळीमागं तासन् तास उभी राहून रस्त्याकडं बघणाऱ्या बायका मी त्यात घातल्या. तशी एकही बाई मी आमच्या कॉलनीत पाहिली नव्हती, ती पुस्तकातून आली होती. मग घागर घेऊन पाण्याला जाणारी आणि शेजारणीच्या गादीवर झोपणारी गृहिणी आली. नाव नाही लिहिलं. लिहिलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही अशी माझी समजूत. शेवट मात्र जमेना. दोन दिवस मी पेन चावत बसले आणि मग सुचला. ओळी अजून पाठ आहेत: "देवी मंचकावर असते तेव्हा आमच्याकडं उशीसुद्धा वर्ज्य. पण निद्रानगरातली ही गृहिणी त्या दिवसांतही शेजारच्या गुबगुबीत गादीवर घोरत पडलेली असते. देवी निदान नऊ दिवसांनी जागी होते." भाद्रपदात मी पलीकडं एकदाही गेले नव्हते. काहीच पाहिलं नव्हतं. वाक्य सुंदर झालं होतं, म्हणून ते ठेवलं. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून बाजूला 'वा!' लिहिलं.

फाल्गुनात अंक छापून आला. माझा लेख पहिला. अंक मी घरी नेला तो अण्णांना दाखवायलाच. संध्याकाळची वेळ, अण्णांनी हातपाय धुतले होते, आत्या आपल्या जागी होत्या, आई चुलीपुढं भाकरी थापत होती. अण्णांनी चष्मा पुसला, व्हरांड्यात खुर्ची ओढली आणि मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसा, माझा लेख वाचायला घेतला. पहिल्या परिच्छेदाला ते हसले. "आक्का, बघा, पोरगी काय लिहिती," असं म्हणाले. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं की यापेक्षा सुख नसतं. मग घागर आली. अण्णांचा आवाज जरा हळू झाला. हापसा आला. भगदाड आलं. आत्यांची माळ थांबली. अण्णा वाचत राहिले, कारण धडा मधेच सोडायची त्यांना सवय नव्हती. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी अंक मांडीवर ठेवला. आत भाकरीची थापही थांबली होती.

"ही तर आपलीच घागर की," आत्या म्हणाल्या. "देवीच्या निद्रेत गादीवर? पुजाऱ्यांच्या घरची लेक?"

अण्णा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. एवढ्या वर्षांनंतरही मला ते डोळे नीट आठवतात. "कुंदा," ते म्हणाले, "हे तू कल्पनेनं लिहिलंस ना? कथाच आहे ना ही?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण वर विभागाचं नाव छापलेलं होतं, 'पाहिलेलं, अनुभवलेलं'. सर होते, सरांच्या बाई होत्या, विद्यापीठ होतं. कल्पना म्हटलं तर ते सगळं खोटं पडलं असतं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हात पिठानं भरलेले, मनगटापर्यंत पांढरे.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "खरं आहे. सगळं."

अण्णांनी आईकडं पाहिलं. "सुशीला?"

आई माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता ती सांगेल. ती म्हणाली, "लेकरू लिहितंय म्हणल्यावर खरंच लिहीत असंल." आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरीची थाप पुन्हा सुरू झाली.

रविवारी गवंडी आला. दोन तासांचं काम. खालून दगड, वरून विटा, मग सिमेंटचा गिलावा. आईनं त्याला दोनदा चहा दिला. दुसऱ्या चहाच्या वेळी नवी भिंत तिच्या छातीपर्यंत आली होती आणि पलीकडं शरणामावशी उभी होती. मावशीनं वरच्या फटीतून एक पुडकं पुढं केलं, त्यात शेंगाच्या पोळ्या होत्या. आईनं ते पदराखाली घेतलं. गवंडी म्हणाला, "बाई, हात काढा, वीट लावायचीय."

पाणी आता मी आणायचं असं ठरलं. पुढच्या फाटकातून, सगळी ओळ वळसा घालून, मावशीच्या घरी. सोमवारी मी गेले तेव्हा ती हापशाच्या दांड्यावर हात ठेवून माझी वाटच बघत असल्यासारखी उभी होती.

"भादव्यात तू कवा आलीस हितं?" तिनं विचारलं.

मी घागर हापशाखाली सरकवली.

"न्हाय आलीस. मग कुणी दावलं तुला? त्या नऊ दिवसांत ती पलंगाला शिवत बी नव्हती. हितं, ह्या मोकळ्या फरशीवर निजायची. म्या चटई दिली तर चटई बी नगं म्हणायची. गार फरशी, हाताची उशी. सात वर्सं बघतीय म्या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं रागानं पुसलं. "उद्या तुळजापूरला न्यायलेत म्हणं तिला, माफी मागाया. जायच्या आदी सांग अण्णाला. तुझं त्वांड हाय, तूच सांग. सांगशील न्हवं?"

"सांगते," मी म्हणाले.

मंगळवारी सकाळच्या बसमध्ये अण्णा पुढं, आत्या आणि आई मागं, मी त्यांच्या मागं. घाट चढेपर्यंत मी ठरवत होते की आता सांगते, पुढच्या वळणावर सांगते. अण्णांनी मागं वळून मला विचारलं, "मळमळतंय का?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी "नाही" म्हणाले. देवळाच्या पायऱ्या उतरून गेल्यावर आत्यांनी आईला पुढं केलं. तिच्या माहेरची माणसं तिथं ओळखीची, पूजेला उभी. तिच्या चुलतभावानं विचारलं, "काय गं सुशे, मधीच कशी?" आई हसून म्हणाली, "आठवण आली आईची." मग ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी वाकली आणि आत्यांनी सांगितलं तसं नाक घासलं. एकदा, दोनदा, नऊ वेळा. न केलेल्या गोष्टीसाठी. मी दोन हात अंतरावर उभी होते, प्रसादाची पुडी धरून. उठली तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि तिनं तो पदरानं झाकला. मी बोलले नाही. यावर सबब म्हणून मी आयुष्यभर बरंच काही रचून पाहिलं, त्यातलं एकही इथं लिहावंसं वाटत नाही. मला त्या कॉलनीतून सुटायचं होतं आणि त्यापुढं मला काहीही दिसत नव्हतं.

मी सुटले. सरांच्या बाईंना लेख आवडला, अण्णांनी स्वतः नेऊन मला वसतिगृहात सोडलं. दिवाळीला घरी आले ती दुपारची. कॉलनीच्या वळणावरून आमचं घर दिसलं आणि मी रिक्षा थांबवली. आई व्हरांड्यात जाळीमागं उभी होती. दोन्ही हातांनी जाळी धरून, रस्त्याकडं तोंड करून. आत्या शेजारी बसल्या बसल्या पेंगत होत्या. मी फाटकापर्यंत चालत गेले तरी आईला मी दिसले नाही. जवळ गेल्यावर कळलं, ती उभ्या उभ्या झोपली होती. मी पुस्तकातून उचलून आमच्या कॉलनीत उभी केलेली बाई आता खरोखर तिथं उभी होती, रोज दुपारी, आणि पुढं कितीतरी वर्षं.

अण्णा गेले, आत्या त्यांच्याही आधी गेल्या. शरणामावशी मुलीकडं सोलापूरला गेली आणि तिकडंच वारली. आईला मी कधी विचारलं नाही, तिनं कधी काढलं नाही. वर्गात मुलांना उपनगरी जीवनाचं चित्रण शिकवताना मी खिडक्यांवर, भिंतींवर, एकटेपणावर बोलायची. मुलं टिपून घ्यायची. एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "मॅडम, पण या बायकांना कुणी विचारलं का?" मी म्हणाले, "प्रश्न चांगला आहे," आणि तास संपवला.

निवृत्त झाल्यावर मी इथं परत आले, आईचं करायला. तिला नव्वदी लागली. निजायच्या खोलीत दवाखान्यातला असतो तसा लोखंडी पलंग आणला आहे, त्यावर हवेची गादी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. दिवसभर मंगल असते सांभाळायला. मंगल सास्तूरची. भूकंपानंतर तिच्या गावाला ओळीनं नवी घरं बांधून मिळाली तेव्हा ती लहान होती. एकदा धुणं वाळत घालता घालता आमच्या मागल्या भिंतीकडं बघून ती म्हणाली, "आमच्याकडं बी अशीच एकसारखी घरं दिली, लांब लांब. वर्षाच्या आत बायांनी मधल्या कुंपणातनं वाटा पाडल्या. तुमच्याकडं न्हाय पाडली कुणी?" गिलाव्यातला तो चौकोन आजही वेगळा दिसतो, बाकीच्या भिंतीपेक्षा गडद. मी तिला म्हणाले, "होती एक."

यंदाच्या भाद्रपदात एका सकाळी आई पलंगाच्या कठड्याला धरून उठायला लागली. हल्ली तिचं बोलणं तुटक असतं, माणसं ओळखते, नाही ओळखत. "खाली घे," म्हणाली.

"आई, डॉक्टरांनी नको म्हटलंय. गादी लागते तुला."

"देवी वर हाय. मी वर कशी निजू?" तिनं माझं मनगट धरलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला कळेना. "खाली घे मला, कुंदा."

तिनं मला नावानं हाक मारली होती. मंगलनं आणि मी मिळून तिला उचललं. वजन कसलं ते नव्हतंच. फरशीवर घोंगडी अंथरायला गेले तर तिनं ती पायानं सरकवली. मोकळ्या फरशीवर ती उताणी झाली, दोन्ही हात पसरून, शरणामावशीच्या घरी बघितली होती अगदी तशी. छताकडं बघत म्हणाली, "तू तेवढं एक खोटं लिहिलंस बघ."

मी तिच्याशेजारी बसले. "आई, मग तेव्हा का नाही बोललीस? अण्णांनी विचारलं होतं तुला."

"तू खरं म्हणलीस की. लेकीला खोटी कशी पाडू? तुला जायचं व्हतं." तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं, झोपेच्या काठावरून, पुन्हा म्हणाली, "नाक घासताना देवीला सांगितलं म्या. तिला ठाव हाय. लोकांना न्हाय ठाव. लिही आता नीट."

म्हणून लिहिते. माझी आई, सुशीला, देवीच्या निद्रेच्या दिवसांत गादीवर झोपली नाही. एकाही वर्षी नाही. ती शरणामावशीच्या मोकळ्या फरशीवर झोपायची, हाताची उशी करून, एक तास. 'निद्रानगर' लेखातलं शेवटचं वाक्य मी रचलेलं होतं आणि ते खरं आहे असं मी माझ्या वडिलांना सांगितलं.

आई झोपली आहे. दुपारचे तीन वाजून गेलेत. मंगल तिला औषध द्यायला आली होती, मी तिला म्हणाले, चार वाजेपर्यंत कुणी हाक मारू नका. चारला मी उठवीन.